झिपरीचा जबाब

कार्ल्सरूहे,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय आई,

रोज फोनवर बोलतो तरी हिला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुला वाटेल. फोनवर तू दोन मिनिटांत "बाकी ठीक ना सगळं" म्हणतेस आणि बाबांच्या हातात फोन देतेस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील. इतकी वर्षं समोर आलेला प्रत्येक कागद तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आलीस, त्या सवयीच्या भरवशावर लिहिते आहे.

आधी घरचं. पुष्कर आठवड्यातून तीन दिवस फ्रँकफर्टला जातो, बाकीचे दिवस घरून काम. अन्वीला मी मराठीत विचारते आणि ती जर्मनमध्ये उत्तर देते. परवा तुझ्याशी बोलताना ती "गेनाऊ, गेनाऊ" करत होती, म्हणजे "बरोबर, बरोबर". तुला वाटलं तिला कुणीतरी रागावतंय. थंडी पडली आहे. खालच्या मजल्यावरच्या आमच्या घरमालकीण, फ्राउ क्रेमर, यांचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, वय ऐंशी, एकट्या राहतात. त्यांच्यामुळेच मला जे सांगायचं आहे ते सुरू झालं.

ऑपरेशननंतर त्यांना जिना उतरवेना, म्हणून ऑगस्टमध्ये त्यांचा केलर, म्हणजे तळघरातली सामानाची खोली, मी आवरून दिली. तिथे एक लोखंडी ट्रंक निघाली. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव होतं, एम. हेफर्नन, आणि खाली 'बॉम्बे'. फ्राउ क्रेमर म्हणाल्या, हे माझे पणजोबा, आईच्या आईचे वडील, आयरिश होते, तुमच्याकडे जज्ज होते. आत इंग्रजी पत्रं होती, ती त्यांनी केव्हाच वाचली होती. पण एक जाड वही होती, तिच्यातलं अक्षर घरात कुणालाच लागलं नव्हतं. त्यांच्या आईची समजूत होती की त्या संस्कृत प्रार्थना आहेत. म्हातारपणी आजोबा हिंदू झाले होते की काय, अशी घरात कुजबुजही होती. त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि विचारलं, "तुला वाचता येईल का? ते देवाला काय म्हणत होते?" मी पहिलं पान उघडलं. शाळेतल्या मुलासारखं गोल, सावकाश काढलेलं बाळबोध अक्षर. ते संस्कृत नव्हतं, मराठी होतं. पहिली ओळ होती : "मी तुमचे ऐकले नाही."

तेव्हापासून रविवारची दुपार मी त्यांच्याकडे जाते. मी वही वाचून जर्मनमध्ये सांगते, त्या इंग्रजी पत्रं वाचून दाखवतात. एका माणसाचं आयुष्य आम्ही दोघींनी दोन टोकांनी उलगडलं. ते तुला सांगायलाच हवं, कारण त्यातलं निम्मं मला कळलंच नसतं, जर मी तुझ्या पोटी जन्मले नसते आणि दर तीन वर्षांनी नव्या गावात, नव्या न्यायाधीश निवासात वाढले नसते.

मार्टिन हेफर्नन गॉलवेकडचा. आयर्लंडच्या पश्चिम टोकाचा, समुद्रावरचा, दगडांचा मुलूख. घरात इंग्रजी होती, पण आजीला आयरिशच येत होती, इंग्रजी अगदी मोडकी. हा सतरा वर्षांचा असताना शेजाऱ्याला जमिनीवरून उठवण्याचा खटला झाला आणि आजी साक्षीला गेली. मॅजिस्ट्रेटनं इंग्रजीत विचारलं, ती आयरिशमध्ये बराच वेळ बोलली, सगळं सांगितलं. मॅजिस्ट्रेटनं कागदावर लिहिलं, साक्षीदाराने उत्तर दिले नाही. मार्टिन मागच्या बाकावर बसून ते बघत होता. मुलीला लिहिलेल्या एका पत्रात तो म्हणतो, त्या एका वाक्यानं मला वकील केलं. डब्लिनला जाऊन त्यानं सनद घेतली, दोन वर्षं गावाकडे गरिबांचे खटले चालवले, आणि चोविसाव्या वर्षी परीक्षा देऊन मुंबई इलाख्यात न्यायखात्यात आला. का आला, ते त्याला स्वतःलाही नीट सांगता आलेलं नाही. कधी लिहितो, धाकट्या भावंडांसाठी. कधी लिहितो, मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीवर आजीला ऐकणारा माणूस बसावा म्हणून. मला वाटतं दोन्ही खरं असेल. ती खुर्ची कुणाची होती, हा प्रश्न त्यानं तेव्हा स्वतःला विचारला नाही, आणि तू विचारशील म्हणून सांगते, तो काही संत नव्हता. एका मास्तराला त्यानं वर्तमानपत्रातल्या लेखासाठी दीड वर्ष सक्तमजुरी दिली, आणि त्याबद्दल कुठल्याही पत्रात खेदाचा एक शब्द नाही. मी दोनदा शोधलं.

मराठी मात्र तो मनापासून शिकला. खात्याच्या परीक्षेपुरतं नाही. कोर्टातल्या शिरस्तेदाराकडे रोज सकाळी तासभर बसायचा. आपल्याला दुभाष्या लागत नाही याचा त्याला अभिमान होता, आणि तोच अभिमान पुढे आडवा आला. १९०८ साली तो खानदेशात जिल्हा न्यायाधीश होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची झिपरी नावाची भिल्ल बाई खुनाच्या आरोपाखाली त्याच्यासमोर आली. नवरा दरीत मरून पडलेला सापडला होता. दोन दिवस आधी दोघांचं भांडण झालेलं पाड्यानं पाहिलं होतं. झिपरीची बोली त्याला येत नव्हती, म्हणून कोर्टातला एक कारकून दुभाष्या म्हणून उभा केला. तो सज्जन माणूस होता, त्याला भिल्ली बाजारापुरती येत होती. झिपरीला विचारलं, तू काय केलंस? ती जे बोलली त्यातला एक शब्द मराठी 'मारलं'सारखा होता. कारकुनानं मराठीत सांगितलं, "मी त्याला मारलं." आणि मराठी आपल्याला नीट कळते या भरवशावर हेफर्नननं पुन्हा न विचारता इंग्रजीत लिहून घेतलं, मी त्याला ठार केले. ती आणखी बोलत होती. कारकून म्हणाला, "बाकी काही नाही साहेब, रडते आहे." जन्मठेप झाली. वरच्या कोर्टात कायम झाली. त्या काळात असल्या बायकांच्या अपिलात कोण उभं राहणार होतं?

तीन वर्षांनी तो दौऱ्यावर होता, तळोद्याच्या बाजूला तंबू पडला होता. जेवणाच्या वेळी एक भिल्ल बाई आक्रोश करत आली. शिपायानं माझ्या नवऱ्याला मारलं, असं ती सांगत होती. झिपरीच्या तोंडचा तोच शब्द, या वेळी त्याला वाटलं आपल्याला थेट कळला. तो ताडकन उठला, प्रेत कुठे आहे म्हणून विचारू लागला. बाई गोंधळली. तिनं मागे बोट दाखवलं. नवरा झाडाखाली उभा होता, सुजलेल्या गालाला हात लावून. तंबूतले सगळे हसले, तोही हसला. बायकोला त्यानं त्याच दिवशी लिहिलं, "मी सगळ्यांबरोबर हसलो, आणि मग ताटावर परत बसलो नाही." पुढे लिहितो की, हे मला कळायला हवं होतं, जगात दुसऱ्या कुणाला नाही तरी मला. आजीचा दात काढला तेव्हा ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली होती, "आज डॉक्टरनं मला ठार मारलं", आणि मग चहा करायला उठली होती.

इथपर्यंत वाचून झालं तेव्हा फ्राउ क्रेमर मला म्हणाल्या, "म्हणजे ती बाई निर्दोष होती." मीही तेच म्हणणार होते. पण हेफर्नन तसं कुठेच म्हणत नाही. आई, त्याच्या पहिल्या अर्जाची नक्कल ट्रंकेत आहे, ती मी तुझ्यासाठी मराठीत उतरवून काढली. "ती निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही. ती काय म्हणाली हे कोर्टाने ऐकले नाही, एवढे मी शपथेवर सांगू शकतो, कारण ते कोर्ट मी होतो." आपलाच निकाल न्यायाधीशाला पुन्हा उघडता येत नाही, सही झाली की हात बांधले जातात, हे तू मला दहावीत समजावलं होतंस. त्यालाही ते माहीत होतं. त्यानं दयेच्या मार्गानं सरकारकडे लिहिलं. सहा आठवड्यांनी एका ओळीचा नकार आला. एका स्नेह्यानं खासगी पत्रात लिहिलं की मार्टिन, एका बाईसाठी कोर्टाची अब्रू घालवू नकोस, लोक उद्या प्रत्येक निकालाबद्दल हेच विचारतील. त्या पत्राच्या समासात हेफर्नननं पेन्सिलीनं लिहिलं आहे, "विचारू देत."

पुढच्या वर्षी त्याची बदली सिंधमध्ये झाली. उष्मा, हिवताप, बायको मुलीला घेऊन परत गेली. बढती मागे राहिली. तो दर जानेवारीला अर्ज करत राहिला, दर वर्षी थोडा वेगळा. एका वर्षी त्यानं त्या कारकुनाला गाठून त्याचं म्हणणं जोडलं. त्या माणसानं खरंच लिहून दिलं की मला जे वाटलं ते मी सांगितलं, मला ती बोली नीट येत नव्हती आणि तसं सांगायची मला लाज वाटली. तो तेव्हा नोकरीत होता, आई. त्याला काय भोगावं लागलं असेल ते पत्रांत नाही. एका वर्षी अर्जाबरोबर पाड्यावरच्या दोघांचे जबाब होते, की नवरा भांडणानंतर दोन दिवस हिंडत-फिरत होता, मोहाची फुलं वेचायला गेला होता. सहावा अर्ज मंजूर झाला. का झाला, कारण दिलेलं नाही. १९१७च्या मार्चमध्ये झिपरी सुटली. नऊ वर्षं झाली होती.

तिचा तुरुंग पुण्यात होता, तो रजा घेऊन तिथे आला. वहीची पहिली पानं म्हणजे तिच्याशी काय बोलायचं याचा मसुदा आहे. पाच वेळा लिहिलं आहे, पाच वेळा खोडलं आहे. एकात 'क्षमा असावी' आहे, ते गिरगटून टाकलं आहे. शेवटी उरली ती एकच ओळ, मी तुमचे ऐकले नाही. तुरुंगाच्या आवारात एका बाकावर ती बसली होती, तो उभा होता. बरोबर भिल्ली येणारा माणूस त्यानं तळोद्याहून मुद्दाम आणला होता. त्याची गरजच पडली नाही. नऊ वर्षांत तुरुंगानं तिला मराठी शिकवली होती. ती काय म्हणाली ते त्यानं कानाला लागलं तसं लिहून ठेवलं आहे : "आता मला बोलाया येतंय, साहेब. तवा इचारायचं व्हतं." त्याखाली तारीख आहे, आणि पुढचं अर्धं पान कोरं आहे.

मी हे मोठ्यानं वाचलं आणि जर्मनमध्ये सांगायला गेले तर मला वाक्य जुळवता येईना. फ्राउ क्रेमर म्हणाल्या, "सावकाश. मला घाई नाही."

मग त्यानं तिला विचारलं. तिनं सांगितलं ते चार पानं आहे, मध्ये मध्ये त्याचे प्रश्न. तिनं नवऱ्याच्या खांद्यावर काठीनं एक फटका मारला होता. त्यानं भाकरी फेकली म्हणून. दोन दिवसांनी तो मोहाकडे गेला तो परत आला नाही, आणि शोधायला सगळ्यात आधी तीच गेली होती. हे खरं का खोटं, हेफर्नननं त्यावर शेरा मारलेला नाही. तिनं एकच मागितलं. पाड्यावर गेल्यावर लोक विचारतील, तेव्हा दाखवायला कागद हवा. सरकारी शिक्का मारायचा त्याला अधिकार नव्हता. त्यानं आपल्या हातानं मराठीत लिहिलं, त्याची नक्कल वहीत आहे : "या बाईचे म्हणणे कोर्टात नीट ऐकले गेले नाही. चूक माझी. मार्टिन हेफर्नन, डिस्ट्रिक्ट जज्ज." तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो त्याच्याकडून दोनदा वाचून घेतला, पदराच्या टोकाला बांधला आणि भिल्ली येणाऱ्या माणसाबरोबर निघून गेली. ती पुढे कशी जगली ते कुठेच लिहिलेलं नाही. तो कागद कुणाला दाखवावा लागला का, तेही नाही.

पुढच्या वर्षी पेन्शन घेऊन तो गॉलवेला परतला. तिकडे स्वातंत्र्याची चळवळ पेटली होती, इंग्रज राजाच्या न्यायाधीशाला आता कुणी दारात उभं करत नव्हतं, आणि इंग्रज स्नेह्यांच्या लेखी तो भरवशाचा राहिला नव्हता. मुलगी नोरा कार्ल्सरूहेच्या एका इंजिनियरशी लग्न करून इथे आली होती. बायको गेल्यावर तोही इथे आला आणि १९३२ साली इथेच वारला. मी स्मशानभूमीत चौकशी केली. इथे कबरीची जागा ठरावीक वर्षांसाठीच असते, मग ती दुसऱ्याला देतात, त्यामुळे त्याची खूणसुद्धा उरलेली नाही. या शहरात देशाची दोन सर्वोच्च न्यायालयं आहेत. आमच्या गल्लीच्या टोकाला एक कायदेशीर सल्लागार बाई राहतात, त्यांना मी हे सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, यातून निष्पन्न काय झालं? नऊ वर्षं तर गेलीच. मी म्हटलं, हो, गेलीच. पण दहावं वाचलं, आणि त्यानंतरची सगळी.

आता आई, बस. चहा घेऊन बस हवं तर.

मागच्या वर्षीच्या दिवाळीत तू चकल्या पाडत होतीस, मी तळत होते, बाबा बाहेर गेले होते. तू मान वर न करता म्हणालीस, "मी एका माणसाचं ऐकलं नाही गं." मग दहा मिनिटांत सगळं सांगितलंस. हरीश नावाचा साखर कारखान्यावरचा रखवालदार. सोबतीच्या कामगाराच्या खुनाचा खटला. सगळे साक्षीदार झाल्यावर न्यायाधीशानं आरोपीला स्वतः विचारायचं असतं, तुझ्याविरुद्ध हे हे आलं आहे, तुला काय सांगायचं आहे. तू छापील कागदावरचे एकोणतीस प्रश्न वाचलेस, त्या दिवशी बोर्डावर अजून अकरा कामं होती, आणि तो प्रत्येकाला मान हलवून "होय साहेब" म्हणाला. तू लिहून घेतलंस. जन्मठेप दिलीस, ती वर कायम झाली. चार वर्षांनी जिल्हा न्यायाधीश म्हणून तू कारागृहाच्या पाहणीला गेलीस, तो बागेत खुरपत होता, तू ओळखलंस आणि मागून हाक मारलीस. तो वळला नाही. तू पुन्हा मारलीस, मग जवळच्या कैद्यानं त्याच्या खांद्याला हात लावला. "बॉयलरपाशी पहारा देऊन देऊन त्याचे कान कधीच गेलेत, मॅडम," तो कैदी म्हणाला. तू घरी आलीस आणि त्या दिवसापासून दारावर नावाची पाटी लावू दिली नाहीस. आम्हाला वाटायचं, ही तुझी साधी राहणी आहे.

आणि तू हे सांगितल्यावर मी काय म्हटलं? मी म्हटलं, "आई, आता झालं ना. हायकोर्टानंही कायम केलं. आता कशाला उकरायचं?" तू "हं" म्हणालीस आणि सोऱ्या पुन्हा भरलास. तू मला काहीतरी विचारत होतीस आणि मी तुझं ऐकलं नाही. ते उत्तर चूक होतं, आणि ते मागे घेण्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे. हरीशला येत्या मार्चमध्ये चौदा वर्षं पूर्ण होतात, म्हणजे त्याच्या सुटकेचा विचार करायला फाइल निघेल, आणि तेव्हा त्याला शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाचा स्वतःच्या हातचा कागद त्या फाइलमध्ये असायला हवा. तो निर्दोष आहे असं लिहू नकोस, ते तुला माहीत नाही. जे तुला शपथेवर सांगता येतं तेवढंच लिही. लोक काय म्हणतील, जुने सहकारी फोन करतील, बाबा चिडतील, हे मी धरून चालले आहे. बाबांशी मी बोलेन. मी तीन आठवड्यांची रजा घेतली आहे, तिकीट काढलं आहे, १९ डिसेंबरला नाशिकला पोहोचते. तोवर कारागृहात भेटीची परवानगी कशी मिळते ते विचारून ठेव, तुला ते माझ्याहून चांगलं माहीत आहे. तो सातवीपर्यंत शिकलेला आहे, हे तुझ्याच निकालात लिहिलं आहे. मी मोठ्या पानांची वही आणि जाड पेन घेऊन येते. आपण दोघी त्याच्यासमोर बसू. तू ते एकोणतीस प्रश्न एकेक करून त्याला वाचता येतील अशा मोठ्या अक्षरांत लिही, आणि त्याला काय सांगायचं आहे ते त्याला लिहू दे, कितीही वेळ लागला तरी.

तुझीच,
ईप्सिता